कात्रीने कापलेला चित्रपट मुलांना एकदा खऱ्या अंधारात दाखवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे मुख्याध्यापक व कलाशिक्षक,
तसेच दोन्ही महानगरपालिकांचे शिक्षण आणि सांस्कृतिक विभाग

विषय: 1926 सालचा छायाकृतींचा चित्रपट विद्यार्थ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

बर्लिनच्या फोल्क्सब्यूने नाट्यगृहात 2 मे 1926 रोजी एक चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. आज तो 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आखमेद' या इंग्रजी नावाने ओळखला जातो. त्याच्या दिग्दर्शिका लोटे रायनिगर तेव्हा 26 वर्षांच्या होत्या. काळा पुठ्ठा, शिशाचा पातळ पत्रा, बारीक तार आणि कात्री एवढ्या सामानातून त्यांनी खलिफाचा दरबार, उडता घोडा, राक्षस आणि पऱ्यांची बेटे उभी केली. 2026 हे या चित्रपटाच्या शताब्दीचे वर्ष. आमची विनंती अशी की पाचवी ते नववीच्या मुलांना तो एकदा पूर्ण, मोठ्या पडद्यावर आणि खऱ्या अंधारात दाखवावा, आणि त्यानंतर चित्रकलेच्या दोन जोडतासिकांत त्यांच्याकडून त्याच पद्धतीने काही सेकंदांचे चित्रण करून घ्यावे. हे कसे जमते आणि कुठे फसते, ते पुढे लिहितो.

ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमात या चित्रपटाच्या वाट्याला एकच ओळ येते: आज शिल्लक असलेला जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. ओळ खरी आहे. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानी यांनी 1917 मध्येच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला होता, पण त्याची एकही प्रत उरली नाही. एरवी सर्वसाधारण लेखांत पहिलेपणाचा मान डिस्नेच्या 1937 सालच्या चित्रपटाला देऊन लोक मोकळे होतात. या वादात एक गोष्ट मागे पडली. रायनिगर यांचा चित्रपट इतिहासाचा पुरावा म्हणून जपला गेला आणि चित्रपट म्हणून फार थोड्यांनी पाहिला. विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते त्याचे नाव माहीत असते, दोन मिनिटांची क्लिप त्यांनी फोनवर पाहिलेली असते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे मूक काम म्हणजे कंटाळवाणे असणार असे त्यांनी ठरवलेले असते. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. आजच्या मुलाला ॲनिमेशन म्हणजे काय हे समजावून देणारा याच्याइतका उघडा, प्रामाणिक चित्रपट दुसरा नाही. पडद्यावर जे हलते ते कशाचे केले आहे आणि कसे हलवले आहे, हे दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना दिसते. तरीही जादू कमी होत नाही.

गोष्ट 'अरेबियन नाइट्स'मधली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणायला घेतलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. खलिफाच्या वाढदिवसाला एक जादूगार उडता घोडा घेऊन येतो आणि घोड्याच्या बदल्यात राजकन्या दिनारझादेला मागतो. तिचा भाऊ अहमद, म्हणजेच चित्रपटाच्या नावातला आखमेद, आडवा येतो. जादूगार त्याला घोड्यावर बसवतो, वर जायची युक्ती सांगतो आणि खाली यायची सांगत नाही. तिथून अहमद वाकवाक बेटांवर पोचतो, पिसांचा वेश घालून उडणाऱ्या परीबानूच्या प्रेमात पडतो, तिला गमावतो, चीनपर्यंत जातो, ज्वालामुखीवरच्या चेटकिणीची मदत मिळवतो, आणि शेवटी अल्लाउद्दीन व त्याचा दिवाही गोष्टीत येतो. अल्लाउद्दीन आणि परीबानू या दोन्ही कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाहीत. अलेप्पोच्या हन्ना दियाब या कथेकऱ्याने 1709 मध्ये पॅरिसला त्या फ्रेंच अनुवादक आंत्वान गालाँ यांना सांगितल्या आणि तिथून त्या जगभर गेल्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा मोकळेपणा या चित्रपटातही आहे. एका कथेच्या पोटात दुसरी उघडते आणि मुले बिनतक्रार मागे जातात.

पाच अंक, साधारण 65 मिनिटे. त्यातल्या तीन जागा आधी कलाशिक्षकांनी स्वतः नीट पाहाव्यात.

पहिली म्हणजे जादूगाराचे हात. छायाकृतीला डोळे नसतात, भुवया नसतात, चेहऱ्यावरचे हसू नसते. सगळा अभिनय मान, खांदा, मनगट आणि कंबर यांना करावा लागतो. जादूगाराची पाठ वाकलेली आहे, बोटे लांब आणि टोकदार आहेत. तो काही मागतो तेव्हा आधी बोटे पुढे येतात आणि मग शरीर. परीबानूची मान वळते ती इतक्या हळू की लाजणे आणि भीती यांतला फरक नुसत्या कडेवरून कळतो. दुसरी जागा म्हणजे शेवटाकडचे चेटकीण आणि जादूगार यांचे युद्ध. दोघे रूपे बदलत लढतात: सिंह, साप, विंचू, कोंबडा आणि शेवटी आगीचे गोळे. एका आकारातून दुसरा आकार निघतो, मध्ये कट नाही. संगणकावर हे आज चुटकीसरशी होते. इथे ते पुठ्ठ्याचे तुकडे बदलत बदलत, दर चित्राला थोडेथोडे करून घडवले आहे. तिसरी जागा घोड्याच्या उड्डाणाची. आकाश खोल वाटते, कारण कागदाचे थर एकावर एक ठेवून त्यातून प्रकाश सोडला आहे. जिथे एक थर तिथे उजळ, जिथे तीन-चार थर तिथे गडद.

हे काम पॉट्सडाममध्ये 1923 ते 1926 अशी तीन वर्षे चालले. लुई हागेन नावाच्या बँकरने महागाईच्या काळात कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती. तिचे काय करायचे म्हणून त्याने रायनिगर यांना पूर्ण लांबीचा चित्रपट करायला सुचवले आणि आपल्या गॅरेजवरची जागा स्टुडिओसाठी दिली. जागा इतकी बुटकी की काच जमिनीलगत ठेवावी लागली. रायनिगर मोटारीच्या जुन्या सीटवर गुडघे टेकून काम करत. काचेखाली दिवे, काचेवर आकृत्या, वर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा. पती कार्ल कोख चित्रणाची तांत्रिक बाजू सांभाळत. बर्थोल्ड बार्टोश यांनी समुद्राच्या लाटांसारखे परिणाम केले, वाल्टर रुटमान यांनी जादूचे. धूर आणि वळवळणाऱ्या आकारांसाठी ओस्कार फिशिंगर यांचे मेण कापणारे यंत्र वापरले. रंगीत मेणाचा ठोकळा पातळ पातळ कापत जायचा आणि दर कापानंतर एक चित्र घ्यायचे, अशी त्याची रीत. वोल्फगांग त्सेलर यांचे संगीत चित्रणाबरोबरच आकाराला आले, म्हणून मिरवणुकीची पावले आणि ढोलाचे ठोके जुळतात.

मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. आज आपण पाहतो ती आवृत्ती ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातल्या जुन्या प्रतीवरून 1990 च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फिल्मच्या पट्ट्या रंगाच्या द्रावणात बुडवून रंगवल्या होत्या. त्यामुळे रात्र निळी, आग लाल, दरबार पिवळसर. हे रंग पुनर्रचनेत परत आले आहेत. म्हणून निव्वळ काळी-पांढरी, धूसर प्रत हाती आली तर ती दाखवू नका. तपासायच्या खुणा सोप्या आहेत: लांबी 65 मिनिटांच्या आसपास, रात्रीची दृश्ये निळी, आकृत्यांच्या कडा धारदार, आणि संगीत त्सेलर यांचे. दुसरेच कोणते तरी संगीत चिकटवलेल्या प्रती फिरत असतात; त्यात पावले आणि ठोके यांची सांगड तुटते आणि मुलांचे लक्षही तुटते.

आपल्याकडे ही परंपरा परकी नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करतात; तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. छायाखेळात बाहुली कलावंताच्या हातात जिवंत हलते, छायाचित्रपटात ती स्थिर असते आणि दोन चित्रांच्या मधल्या वेळात हलवली जाते. हा फरक मुलांना आधी सांगितला तर चित्रपट पाहताना ती जास्त बारकाईने पाहतात.

आता दाखवण्याविषयी. इथे आम्ही थोडे जास्त लिहिणार आहोत, कारण हा चित्रपट वाईट दाखवला तर न दाखवलेला बरा.

कोणताही प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे प्रकाश पडत नाही ती जागा. वर्गात खिडकीतून उजेड आला की तीच जागा करडी होते. इतर चित्रपटांत हे चालून जाते, कारण चेहरे आणि रंग बाकी असतात. इथे तर सगळी पात्रेच काळी. निळ्या रात्रीच्या दृश्यांत आकृती आणि पार्श्वभूमी एकमेकांत विरघळतात आणि मुलांना पडद्यावर काय चालले आहे तेच कळत नाही. म्हणून जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेड टाकणारा, प्रोजेक्टर आणण्याआधी खोली अंधारी करा. काळ्या सुती कापडाचा एक थर पुरत नाही, दोन लावा. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी किमान 15 सेंटीमीटर मोठा हवा. वरच्या झडपा लोक विसरतात, आणि बहुतेक उजेड तिथूनच येतो. त्यांवर काळा चार्ट पेपर चिकटवा. पश्चिमेकडे खिडक्या असलेला वर्ग दुपारच्या अधिवेशनात घेऊ नका. बाहेर जाण्याच्या वाटेचे दिवे मात्र कधीही झाकू नयेत.

अंधार झाला की प्रोजेक्टरचे गणित सोपे होते. या चित्रपटाच्या रुंदी-उंचीचे प्रमाण 4:3 आहे. 16 फूट रुंद आणि 9 फूट उंच पडद्यावर त्याचे चित्र 12 बाय 9 फूट म्हणजे 108 चौरस फूट येते. चित्रपटगृहात जेवढा उजेड धरतात त्या 16 फूट-लॅम्बर्टच्या मापाने त्याला सुमारे 1,730 ल्युमेन लागतात. पण प्रोजेक्टरच्या आतल्या, चित्र घडवणाऱ्या 16:9 पॅनलचा एक चतुर्थांश भाग दोन्ही बाजूंना रिकामा राहतो, म्हणून यंत्र 2,300 ल्युमेनचे हवे. दिव्याचे जे आयुष्य तास म्हणून लिहिलेले असते, ते बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असते. शाळेतला वापरलेला प्रोजेक्टर घेणार असाल तर त्यावर 3,500 ते 4,000 लिहिलेले असावे.

सर्वांत जास्त होणारी चूक चित्र ताणण्याची. यंत्र 'फुल' किंवा 'वाइड'वर असले की 4:3 चे चित्र 16:9 मध्ये पसरते आणि प्रत्येक आकृती एक तृतीयांशाने रुंद होते. रायनिगर यांच्या सडपातळ परीबानूची त्यात वाट लागते. सेटिंग 'ऑटो' किंवा '4:3' करा. दोन्ही बाजूंचे काळे पट्टे दिसू द्या. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती यंत्रे दोन चित्रांच्या मध्ये आपली चित्रे घुसवतात; पुठ्ठ्याचे हात त्यामुळे रबरासारखे ताणले जातात आणि कडांभोवती वलय येते. आपोआप कमी-जास्त होणारा कॉन्ट्रास्टही बंदच हवा, नाहीतर प्रत्येक दृश्याला आकाशाची छटा हलते.

सोसायटीच्या मैदानांत आणि कार्यक्रमांत हल्ली एलईडी वॉल लावतात. तिचा काळा रंग उत्तम असतो, पण बारकावा टिकत नाही. भाड्याने मिळणाऱ्या वॉलमध्ये दोन ठिपक्यांतले अंतर बऱ्याचदा 3.9 मिलिमीटर असते. म्हणजे 10 फूट रुंदीत जेमतेम 780 ठिपके. राजवाड्याच्या जाळ्या, दागिने, पंखांची पिसे ही सगळी कात्रीची नक्षी त्यात पायऱ्यापायऱ्यांची दिसते. वॉलच वापरावी लागली तर 2.5 मिलिमीटर किंवा कमी मागा आणि पहिली रांग मागे घ्या.

भाषेचे काय? चित्रपट मूक आहे. मधून मधून येणारी शीर्षके जर्मन किंवा इंग्रजी असतात. आमचा आग्रह आहे की मराठी वाचन प्रत्यक्ष व्हावे, माइकवर, एका माणसाच्या आवाजात. त्यासाठी चित्रपट थांबवत थांबवत प्रत्येक शीर्षकाची वेळ आणि मजकूर उतरवून घ्यावा लागतो. मुलांना स्पष्ट ऐकू येईल असे मराठी वाचन सेकंदाला दोन ते अडीच शब्दांच्या वर जाऊ नये, म्हणून सहा सेकंदांच्या शीर्षकाला बारा ते पंधरा शब्द. वाचणाऱ्याने चित्रे समजावून सांगू नयेत. पडद्यावर दिसते आहे ते पुन्हा तोंडाने सांगितले की मुले बघायचे सोडून ऐकत बसतात. वाचणाऱ्याचा दिवा झाकलेला हवा आणि त्याची तिरीप पडद्याकडे जाता कामा नये. वाचताना संगीत थोडे खाली घ्यावे, बंद करू नये.

प्रत्यक्ष वाचन शक्य नसेल तर मराठी सबटायटल्सची फाइल करता येते. ती जतन करताना अक्षरांसाठी यूटीएफ-8 हा पर्याय (एन्कोडिंग) निवडा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हे आणि चौकोन उमटतात. काही टीव्ही देवनागरी अक्षरे दाखवतात, पण जोडाक्षरे फोडून दाखवतात आणि वेलांटी भलतीकडे लावतात. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून भागत नाही असे दिसले तर लॅपटॉपवरून दाखवा. हे आदल्या दिवशी तपासायचे, मुले बसल्यावर नव्हे.

तिसरा अंक संपतो तिथे दहा मिनिटांची सुट्टी घ्या. त्यापेक्षा जास्त घेतली तर पुन्हा अंधाराला डोळे सरावायला वेळ जातो.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. हा 1926 सालचा युरोप आहे. जादूगार 'आफ्रिकन' म्हणून रंगवला आहे, चीनच्या दरबाराचे चित्रण थट्टेच्या अंगाने जाते, परीबानू तळ्यात स्नान करते ते दृश्य आहे, अहमदभोवती बायका झोंबतात आणि चुंबनेही आहेत. शिक्षकांनी आधी पूर्ण चित्रपट पाहावा. आम्हाला वाटते, पाचवीपासून पुढच्या मुलांना काही कापून दाखवायची गरज नाही. मात्र दुष्ट माणसाला एका खंडाचे नाव का दिले, हा प्रश्न वर्गात विचारला जावा. मोठ्या मुलांशी यावर चांगली चर्चा होते. त्याहून लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, त्यांना राक्षसांची भीती वाटते आणि वाचनाचा वेगही झेपत नाही.

आता मुलांच्या हातच्या कामाविषयी.

टेबलासाठी 2 फूट बाय दीड फुटाची 8 मिलिमीटर जाडीची टफन्ड काच किंवा 6 मिलिमीटरचे ॲक्रिलिक घ्या. खालून बटर पेपर लावा. दिवा काचेपासून किमान 20 ते 25 सेंटीमीटर खाली हवा. जवळ आणला तर नळीच्या आकाराचा पट्टा चित्रात दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, नाहीतर ॲडाप्टरवर चालणारी डीसी एलईडी पट्टी वापरा.

आकृती 20 ते 25 सेंटीमीटर उंचीची, 220 ते 250 जीएसएमच्या काळ्या कार्डाची. रायनिगर आकृत्या सपाट राहाव्यात म्हणून शिसे वापरत. शाळेत शिसे अजिबात आणू नये, ते विषारी आहे. त्याऐवजी धडाच्या भागाला कार्डाचे दोन थर चिकटवा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत कार्ड हमखास वळते, तेव्हा धडावर एखादा छोटा वॉशर ठेवला तरी छायेत तो दिसत नाही. मुलांसाठी दहा भाग पुरे: डोके, धड, दोन दंड, दोन कोपरापुढचे हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. पोशाख लांब असेल तर पायांची गरजच उरत नाही, आणि सुरुवातीला हेच बरे.

सांध्यात सगळा जीव आहे. प्रत्येक भागाचे टोक अर्धवर्तुळाकार कापायचे आणि भोक त्या वर्तुळाच्या मध्यावर पाडायचे. भोक बाजूला गेले तर हात वाकवताना कोपर बाहेर टोचल्यासारखे दिसते, टोक चौकोनी राहिले तर वाकल्यावर फट पडते आणि तिच्यातून उजेड येतो. टोपीची पितळी पिन वापरू नका, तिच्या जाडीमुळे भाग वर उचलला जातो आणि कड धूसर होते. 26 ते 28 गेजची तांब्याची तार दोन्ही बाजूंना पिळून चपटी करा, किंवा जाड दोऱ्याच्या दोन गाठी मारा. सांधा एका बोटाने हलला पाहिजे आणि सोडल्यावर तिथेच राहिला पाहिजे. सैल झाला तर दर चित्रात आकृती थोडी लुळी पडते, आणि सलग पाहताना ती थरथरते.

कापताना कात्रीचा हात स्थिर ठेवायचा आणि कागद फिरवायचा. रायनिगर असेच कापत. त्यांच्या वक्ररेषा इतक्या अखंड येण्याचे कारण हे आहे. आतली नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी. उलट केले तर कार्ड हातात धरायला जागा राहत नाही. चेहरा नेहमी बाजूने काढावा. समोरून काढलेला चेहरा छायेत नुसता अंडाकृती डाग होतो. पात्राला मागे वळायचे असेल तर त्याला एखाद्या खांबाआड नेऊन दुसऱ्या बाजूची आकृती ठेवा. पार्श्वभूमीला पतंगाचा कागद उत्तम: लांबच्या डोंगराला एक थर, मधल्याला दोन, जवळच्याला तीन.

सेकंदाला 12 चित्रे धरा. त्या हिशेबाने साध्या चालीत एका पावलाला सहा चित्रे. 20 सेंटीमीटरच्या आकृतीचे पाऊल 7 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दर चित्रात धड साधारण 12 मिलिमीटर पुढे. टेकलेला पाय मात्र जागचा हलता कामा नये. मुलांच्या कामात पाय घसरताना दिसतो तो इथे चुकल्यामुळे. टेकलेल्या पायाच्या टोकाशी काचेवर पारदर्शक टेपचा बारीक तुकडा लावून ठेवा. हालचाल सुरू होताना आणि थांबताना अंतर कमी घ्या, 3, 6, 9 आणि मग 12 मिलिमीटर, म्हणजे आकृतीला वजन येते.

मोबाइलचे फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करा. एकही सुटले तर दर चित्राचा उजेड बदलतो आणि चित्रपट लुकलुकतो. फोनला बोट लावायचे नाही, इयरफोनच्या बटणाने किंवा छोट्या रिमोटने चित्र घ्यायचे. स्टँडचे पाय जमिनीला टेपने चिकटवा. पंखा बंद, कारण हवेच्या एका झोताने पंधरा मिनिटांचे काम उडते. चार जणांच्या गटात एकाने हलवायचे, एकाने चित्र घ्यायचे, एकाने मोजणी लिहायची, एकाने सांधे दुरुस्त करायचे, आणि दर 30 चित्रांनी कामे बदलायची. मोजणी लिहिणारा नसेल तर कोणत्या पायाची पाळी आहे हे तिसऱ्या मिनिटाला कोणालाच आठवत नाही. एका जोडतासिकेत शंभर-सव्वाशे चित्रे होतात, म्हणजे आठ-दहा सेकंद. दोन जोडतासिकांत 20 सेकंदांचे चित्रण पुरे होते. वर्गात आठ गट असतील तर आठ वेगवेगळ्या गोष्टी करू नका, एकाच गोष्टीचे आठ प्रसंग वाटून द्या. विक्रम-वेताळ यासाठी फार चांगला: झाड, खांद्यावरचे प्रेत, चालणे आणि उडून जाणे, सगळेच छायेचे.

परवानग्यांबाबत थोडक्यात. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, त्यामुळे 1926 च्या मूळ चित्रपटाची मुदत इथे केव्हाच संपली. पुनर्रचित आवृत्ती आणि नव्याने ध्वनिमुद्रित संगीत यांवर मात्र वेगळे हक्क असू शकतात. शाळेच्या आवारात, शाळेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक असतील तर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. नाट्यगृहात सर्वांसाठी दाखवायचे असेल तर सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र किंवा सूट, आणि आवृत्तीच्या हक्कधारकाची लेखी परवानगी, दोन्ही लागतील. हे काम एकेकट्या शाळेला जड आहे. महानगरपालिकेच्या विभागांनी ते एकदाच सर्वांसाठी करावे. चांगल्या प्रतीसाठी मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाकडे आधी विचारणा करावी.

दोन्ही महानगरपालिकांकडे आमची मागणी एवढीच: ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह, आणि वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह, यांची दुसऱ्या सत्रातली शनिवारची एकेक सकाळ पालिका शाळांच्या मुलांसाठी भाडे न आकारता राखून ठेवावी. मराठी वाचनाची संहिता आम्ही तयार करून देऊ आणि वाचणाऱ्यांची तालीमही घेऊ. रंगमंचावरचा मागचा कापडी पडदा वापरू नये, त्याच्या सुरकुत्या उजळ आकाशात रेघांसारख्या दिसतात. ताणून बसवलेला पांढरा पडदा पुढे आणावा आणि पहिली रांग चित्राच्या रुंदीइतकी तरी दूर असावी. आदल्या रात्री नाटक संपल्यावर आम्हाला दोन तास द्यावेत. त्या वेळात चित्राचे प्रमाण, आवाज आणि अंधार तिन्ही तपासून होतील, आणि सकाळी नऊला दारे उघडता येतील.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत ॲनिमेशन करणारे व शिकवणारे काही जण